वाजणारा दगड

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझ्या आधी घरात कुणी पानभर मजकूर लिहिल्याचं मला माहीत नाही. त्यातून ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलोय, म्हणजे दगड, तिच्याबद्दल बोलण्याचा खरा अधिकार माझ्या वडिलांचा. त्यांनी जन्मभर दगड फोडला. मी तीन वर्षं फक्त वाचला. पण त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं, आणि विचारलं तर म्हणतात, "त्यात काय लिवायचंय? दगड त्यो दगड." म्हणून हे धाडस मी करतोय. शास्त्रात कुठे चुकलो तर ती चूक माझी समजावी, आमच्या कॉलेजातल्या मॅडमची नाही.

मी ज्या घरात वाढलो ते कळव्याच्या पुढे, पारसिकच्या डोंगराच्या उतारावर. तीन भिंती विटांच्या आणि चौथी दगडाची. दगडाची म्हणजे बांधलेली नव्हे. एक अख्खा काळा दगड, बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखा, आणि त्याला टेकवून बाकीचं घर उभं केलेलं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गावाकडून आले तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाणीवर कामाला लागले. राहायला जागा शोधत उतारभर दगड वाजवत फिरताना त्यांना हा दिसला. त्यांनी तो सुतकीने, म्हणजे दगड फोडायच्या हातोड्याने, वाजवून पाहिला, तो सगळ्यात गोड वाजला, आणि त्याच्या कुशीत त्यांनी पत्रे टाकले. "एक भिंत आयती मिळाली," असं ते अजून कौतुकाने सांगतात.

त्या भिंतीशी स्वयंपाकघर. आईचा ओटा दगडाला चिकटून. दगडाला मध्यावर एक नैसर्गिक कंगोरा होता, त्यावर देवाचा फोटो, तिखटमिठाचे डबे आणि माझं जुनं कंपासपेटीचं झाकण. खिळा मारता येत नसे म्हणून कॅलेंडर दोरीने लटकवलेलं. उन्हाळ्यात मी दगडाला पाठ लावून अभ्यास करायचो, इतका गार. पावसाळ्यात त्याला घाम यायचा आणि आई फडक्याने पुसायची, तापातल्या माणसाचं अंग पुसावं तसं. खिडकी एकच, तीही दारालगत. आत बसलं की पुढे वीट, मागे डोंगर. लहानपणी मला ते सुरक्षित वाटायचं.

दर पावसाळ्याच्या तोंडाशी अण्णा दगड वाजवायचे. चपला बाहेर काढून, सुतकी उलटी धरून, तीन ठिकाणी तीन ठोके. मग कान लावून थांबायचे. आम्हीही श्वास धरायचो. टण्ण असा स्वच्छ आवाज यायचा, बराच वेळ घुमायचा. अण्णा म्हणायचे, "झोपा निवांत." खाणीत ते हेच शिकले होते. दगड भद् वाजला तर तो आतून फुटलेला, त्याच्या खाली उभं राहायचं नाही. टण्ण वाजला तर पक्का. या कानावर त्यांनी खाणीत आयुष्य काढलं होतं आणि हातपाय शाबूत घेऊन बाहेर आले होते, त्यामुळे वस्तीत त्यांच्या कानाला मान होता. शेजारपाजारचे यायचे, "अण्णा, आमचापण वाजवून द्या की." अण्णा सुतकी घेऊन घरोघर जायचे. दरडीच्या धोक्याची नोटीस लावायला येणाऱ्या पालिकेच्या माणसांनासुद्धा त्यांनी एकदा दगड वाजवून दाखवला होता. ती माणसं भली होती. "काका, पावसाळ्यापुरतं तरी खालच्या शाळेत चला," म्हणायची. त्यांच्यातल्या एका तरुणाला अण्णांनी कान लावायला लावला. तो बिचारा टाय सावरत वाकला, ऐकलं, आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे हो." अण्णांनी ती गोष्ट वर्षभर सांगितली.

बारावीनंतर मला भूशास्त्र मिळालं ते ठरवून नाही. दुसऱ्या विषयांच्या याद्यांत नाव लागलं नाही, ठाण्याच्या एका कॉलेजात या विषयाला जागा शिल्लक होत्या. वस्तीत चेष्टा झाली. समोरचे काका अण्णांना म्हणाले, "बापानं दगड फोडले, पोरगा दगड वाचतोय. पुढं नातू काय करणार, खाणार?" मला ते "दगडाचा डॉक्टर" म्हणू लागले. अण्णांनी मात्र मान डोलावली होती. दगड म्हटल्यावर त्यांना विषय ओळखीचा वाटला असावा.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गात हसं करून घेतलं. मॅडमनी फळ्यावर 'डेक्कन ट्रॅप' लिहिलं आणि आपण सगळे त्याच्यावर राहतो असं सांगितलं. माझं इंग्रजी जेमतेम. ट्रॅप म्हणजे उंदराचा सापळा एवढं ठाऊक होतं. मी बराच वेळ विचार केला आणि हात वर केला. "मॅडम, यात अडकलं कोण?"

वर्गात हशा फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, तूच अडकला, तीन वर्षं!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, हा शब्द उत्तर युरोपातल्या एका भाषेतून आलाय, तिथे त्याचा अर्थ पायरी. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर. मग पाऊस आणि नद्या तो थर कापत राहिल्या, मऊ भाग आधी गेला, कठीण मागे राहिला, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. "अडकलं कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "उलट सगळं हळूहळू सुटत चाललंय."

घरी येऊन मी अण्णांना शब्द सांगितला. ते एकदम खुलले. "ट्रॅप? आरं, आमचा साहेब रोज म्हनायचा की. ट्रॅप लागला, ट्रॅप लागला. ट्रॅप म्हंजी भारी माल." म्हणजे मला जो सापळा वाटला आणि मॅडमनी जी पायरी सांगितली, ती अण्णांच्या लेखी उत्तम प्रतीची खडी होती. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा एका विषयावर बोललो. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मॅडम आम्हाला कल्याणच्या पलीकडे एका बंद पडलेल्या खाणीत घेऊन गेल्या. एका बाजूला डोंगर उभा कापलेला होता. वर माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, आणि मुरुमात रुतलेले मोठमोठे काळे गोळे. मॅडमनी एका गोळ्याच्या बाजूचा पापुद्रा बोटांनी काढला. त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. कांदा सोलावा तसा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्याआडव्या चिरा पडतात, त्यांनी सांगितलं. चिरांतून पाणी उतरतं. पाणी दगडातल्या खनिजांची माती करत जातं. कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी लागतं म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी तुकडा गोल होत जातो. मधला गाभा मात्र तसाच, ताजा, कठीण राहतो.

"म्हणजे डोंगरावर गोल दगड दिसला की काय समजायचं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच हातातला पापुद्रा चुरला.

"की त्याची डोंगराशी नाळ तुटलीय. तो नुसता मुरुमावर बसलाय. मुरूम आहे तोवर आहे."

मी पिशवीतला हातोडा काढला आणि त्या गोळ्यावर मारला. सवयीने. टण्ण. तोच आवाज. आमच्या स्वयंपाकघरातला. मी म्हणालो, "पण मॅडम, हा तर पक्का वाजतोय."

मॅडम म्हणाल्या, "देवळातली घंटा का वाजते?"

"पितळेची असते म्हणून."

"आणि टांगलेली असते म्हणून. तीच घंटा गळ्यापर्यंत जमिनीत पुरली तर वाजेल अशी?"

बाकीची मुलं पुढे गेली. मी तिथेच उभा राहिलो. आवाज दगडाबद्दल सांगतो, दगड कशावर बसलाय याबद्दल सांगत नाही. खाणीत अण्णांचा नियम बरोबर होता, कारण तिथे धोका फुटलेल्या कपारीचा असे. आमच्या उतारावर तो नियम उलटा पडत होता. जितका दगड सुटा, तितका तो गोड वाजणार. आणि अण्णांनी पूर्ण उतारावर फिरून, सगळ्यात गोड वाजणारा दगड निवडून, त्याला घर टेकवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या करत होती. मी घरामागे चढलो. दगडाच्या वरच्या बाजूला हात घातला तर मुरूम मुठीत आला आणि चुरला. मग आत येऊन ओट्याच्या कडेला पाहिलं, जिथे विटांची भिंत दगडाला मिळते. तिथे एक उभी सांध होती. ती मी जन्मापासून पाहत होतो पण पाहिली कधी नव्हती. आई दरवर्षी गौरी-गणपतीच्या आधी घर रंगवायची आणि त्याच वेळी ती सांध सिमेंटने बुजवायची. वर्षभरात पुन्हा भेग पडायची, पुन्हा बुजवायची. प्रत्येक वर्षीच्या सिमेंटवर त्या त्या वर्षीचा रंग. मी कंपासच्या टोकाने कड खरवडली. निळा, मग गुलाबी, मग पिस्ता, मग पुन्हा निळा, आणि सगळ्यात आत नुसता चुना. मॅडमनी थर मोजायला शिकवले होते, मी मोजले. माझ्या शाळेच्या पहिल्या वर्षाचा पिस्ता रंग मला ओळखता आला. आतले थर कागदासारखे होते. बाहेरचे बोटभर.

"आई, ही भेग मोठी होतीय."

"व्हतीयच. वीट सरकती रं बाहेर. हलक्या विटा हायेत." आईने भाकरी थापता थापता सांगितलं.

"वीट नाही, आई. दगड सरकतोय."

तिने हात थांबवला. दगडाकडे पाहिलं, मग देवाच्या फोटोकडे. "हळू बोल," ती म्हणाली. "अण्णा ऐकतील."

अण्णांनी ऐकलंच. मी त्यांना घंटेचं सांगितलं. मला नीट सांगता आलं नाही, मी अडखळलो, मध्ये इंग्रजी शब्द आले. ते शांतपणे ऐकत होते आणि त्यामुळे मी जास्तच गडबडलो. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी गोड वाजला तर वाईट, आन् भद् वाजला तर?"

"भद् वाजला तर... तोही वाईट."

"मंग चांगला कवा, मास्तर?"

आई तोंडाला पदर लावून हसली. अण्णाही हसले. पण ते उठले आणि सुतकी नेहमीच्या खुंटीला न लावता दाराआड ठेवली. मला वाईट वाटलं. त्यांच्याकडे मानाची अशी ती एकच गोष्ट होती आणि ती मी वर्गातून येऊन हिसकावत होतो.

निघून जाणं आमच्या हातात नव्हतं असं नाही. अण्णांची बहीण, माझी आत्या, शहाडला राहते. एका बैठ्या चाळीत तिची दोन खोल्यांची जागा. ती दर पावसाळ्यात बोलवायची. पण वस्तीत सगळ्यांचा एक समज पक्का होता: कधी ना कधी पक्क्या घरांसाठी सर्व्हे होणार, आणि त्या दिवशी दाराला कुलूप दिसलं की नाव गेलं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. पण त्या एका समजापायी वर्षानुवर्षं कुणी पावसाळ्यात घर सोडलं नव्हतं. राहावं तर दगड, जावं तर कुलूप. मॅडम म्हणाल्या होत्या अडकलं कुणीच नाही. रोज संध्याकाळी उतार चढताना मला ते आठवायचं.

त्यानंतर मला घरात झोप लागेना. दिवसाही मी दगडाला पाठ लावून बसणं सोडलं. आईने ते पाहिलं आणि काही न बोलता माझी चटई दारापाशी सरकवली. तिची स्वतःची जागा मात्र ओट्याशीच. दिवसातले किती तास ती तिथे उभी असते हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा लागल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. सांगायला लाज वाटत होती. त्यांनी आधी विचारलं, "घरी किती जण?" मग कपाटातून सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या काढून दिल्या. "भेगेवर आडवी चिकटव. एक टोक विटेवर, एक दगडावर. काच ताणली जात नाही. दगड केसभर हलला तरी फुटेल. मग वडिलांना मी काय म्हणते ते नको, काच काय म्हणते ते दाखव. आणि फुटायची वाट बघत बसू नका. आधीच निघता आलं तर निघा."

अण्णांना काच आवडली. त्यांना पुरावा हातात धरता येईल असा हवा असतो. त्यांनी स्वतः प्लास्टर कालवून ती चिकटवली, माझ्यापेक्षा सफाईने. मग म्हणाले, "ठरलं. ही फुटली तर मी म्होरं चालीन, तू मागनं ये. न्हाई फुटली तर तू गपचिप अभ्यास करायचा."

"फुटेपर्यंत थांबायला नको, अण्णा. आत्ताच जाऊ."

"तुझ्या काचंवर तुझाच इस्वास न्हाई व्हय?"

समोरच्या काकांनी येऊन काच पाहिली. "दगडाच्या डॉक्टरनं पट्टी बांधली वाटतं." पण जाताना त्यांनी हळूच विचारलं, "दुसरी हाय का रं? आमच्याकडं पण लाव की." मी लावली.

आषाढ असा गेला. मी रोज कॉलेजातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी काच बघायचो. अख्खी. रोज मला सुटल्यासारखं वाटायचं आणि रोज थोडं वाईटही वाटायचं, हे लिहायला मला शरम वाटते. काच फुटावी असं मला वाटत होतं. एका दुपारी आईने पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "आज काय म्हनतीया तुझी काच?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "मग तू का असा?"

श्रावणात आईच माझ्या बाजूला आली, पण आडून. ती म्हणाली, निदान कागदं आणि माझी पेटी तरी आत्याकडे ठेवून ये; माणसं राहतील, वस्तू सुरक्षित असू देत. अण्णा म्हणाले, जाऊ दे. मी रेशनकार्ड, अण्णांची जुनी हजेरीची वही, माझ्या गुणपत्रिका आणि आईची पत्र्याची पेटी घेऊन शहाडला गेलो. संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं.

दुपारपासून पाऊस धरला आणि सुटलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हास नदी आत्याच्या चाळीच्या मागे आली. मी 'आली' असं म्हणतोय, पण ती आली तेव्हा कळलंही नाही. आधी गटाराचं पाणी उलटं फिरलं, मग उंबऱ्याखालून एक तपकिरी जीभ आत आली. आम्ही पेटी माळ्यावर टाकली आणि समोरच्या इमारतीत आत्याच्या ओळखीच्या बाईंच्या पहिल्या मजल्यावर गेलो. रस्ता गेला. गाड्या बंद असल्याचं कुणीतरी खालून ओरडून सांगितलं. वीज गेली.

मी आईला फोन लावला. बंद. डोंगरावर वीज गेली की आमच्या वस्तीतले सगळे फोन अर्ध्या दिवसात मरतात. मी लावत राहिलो आणि दुपारपर्यंत माझाही फोन संपला.

दोन दिवस मी त्या गॅलरीत उभा होतो. खाली गल्लीतून पाणी जात होतं, संथ, घट्ट, चहाच्या रंगाचं. वर्गात मी या विषयावर पूर्ण गुण घेतले होते. डोंगर झिजतो, नदी वाहून नेते, सपाटीवर गाळ टाकते. हे लिहिताना मी नदीची सुबक आकृती काढली होती आणि बाण दाखवले होते. आता ते बाण डोळ्यांपुढून चालले होते आणि प्रत्येक घमेलाभर गाळ कुठल्या ना कुठल्या दगडाच्या बुडाखालून निघालेला होता. आमच्या डोंगराचं पाणी या नदीत येत नाही, ते थेट खाडीत जातं, हे मला माहीत होतं. तरी मी पाण्याच्या रंगात आमच्या मुरुमाचा पिवळेपणा शोधत होतो.

आत्या मला आत बोलवायची. "आरं, नुसतं बघून पानी उतरतंय व्हय? चा घे."

"आत्या, मी चालत जाऊ का?"

"कुठनं? पाण्यावरनं?" मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "माझा भाऊ हाय त्यो. दगडाचं त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतंय."

तेच तर होतं. मला भीती त्याचीच होती. काच फुटली नसेल तर अण्णा हलणार नाहीत, शब्दाचे पक्के. आणि ते सकाळी उठून दगड वाजवतील, तो टण्ण वाजेल, आणि ते सगळ्या वस्तीला सांगतील, झोपा निवांत. ती पैज मी लावून दिली होती. काचेमुळे त्यांना राहायला एक नवं कारण मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. आम्ही खाली गेलो. आत्याच्या फरशीवर बोटभर गाळ बसला होता, गुळगुळीत, त्यावर एका बेडकाची पावलं. आत्याने शिव्या घालत खराटा घेतला. मी वाकून चिमूटभर गाळ बोटांत चोळला. साबणासारखा मऊ. यातला प्रत्येक कण एकेकाळी टण्ण वाजणारा दगड होता, आणि त्याला असं व्हायला किती काळ लागला हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. घाई कुणालाच नव्हती. दगडाचं शेवटचं केसभर सरकणं सोडलं तर.

वीज दहाच्या सुमारास आली. समोरच्या बाईंकडे फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. त्या गॅलरीतून ओरडल्या, "अरे, वाजतोय तुझा! चौथ्यांदा वाजतोय!"

मी चिखलाच्या पायांनी जिना चढलो. नंबर अनोळखी होता.

"आरं, कुठं हाईस?" अण्णांचा आवाज. मागे पुष्कळ माणसांचा गलका, लहान मुलांचं रडणं, भांडी.

"आत्याकडे. तुम्ही कुठे आहात? आई?"

"शाळंत हाय. समदी. तुझी आई खिचडी वाटतीया. काकाच्या घरची बी आनली, वरच्या तीन घरातली मानसं बी आनली. परवापासनं हितंच हाय."

मी जिन्यावर बसलो. मग विचारलं, "आणि दगड?"

"आला काल दुपारी. तुझ्या आईच्या ओट्यावर बसलाय. भित न्हाई, पत्रा न्हाई, काय न्हाई राह्यलं. त्याला खरचटलं बी न्हाई."

"म्हणजे काच फुटली होती. परवा."

"न्हाई रं. काच कुठं फुटली. भित वली झाली, पलास्तर सुटलं, काच अख्खीच्या अख्खी पिठाच्या परातीत पडली. हाय माझ्या खिशात."

"मग?"

मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी "थांब की" म्हटलं, आणि फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला.

"मग काय, सकाळी उठलो आन् सुतकी घेतली. वाजवला. लेका, इतक्या वर्सांत वाजला न्हाई इतका गोड वाजला. आन् मला भ्या वाटलं."